कापू का?

संपदाला आठवा महिना लागला तेव्हा पोटातल्या बाळाबद्दल घरात कुणालाच शंका उरली नव्हती. ते हुशार निघणार असं सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं, आपल्या माहेरच्या वळणावर जाणार हे सासूबाईंनी, आणि नवऱ्याच्या मते ते शांत स्वभावाचं होतं, कारण तो ऑफिसातून घरी येईपर्यंत ते झोपलेलं असे. शंका होती ती एकट्या संपदाला, आणि तीही बाळाबद्दल नव्हती. बाळ ज्या वाटेने बाहेर येणार त्या वाटेबद्दल होती.

वसईत डॉक्टर फेलिशिया यांचं प्रसूतिगृह होतं. जुनं, कौलारू, अंगणात चिकूचं झाड. संकेत, म्हणजे संपदाचा नवरा, तिथेच जन्मला होता, त्यामुळे त्याच्या मुलाने दुसरीकडे जन्मणं सासरच्यांना गैरशिस्तीचं वाटलं असतं. डॉक्टरांचा हात चांगला होता. पद्धतही ठरलेली होती. बाई पहिलटकरीण असेल तर बाळाचं डोकं दिसायला लागलं की कात्रीने एक छेद द्यायचा, बाळ काढायचं आणि टाके घालून मोकळं व्हायचं. एवढ्या वर्षांत त्यात फरक पडला नव्हता. विचारायची त्यांना सवय नव्हती. पंखा लावायचा असला तर त्या लावत, बंद करायचा असला तर बंद करत. समोरच्याला उकडतंय का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात येत नसे.

संपदालाही हे सगळं माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं पुढे बऱ्याच जणांचं मत पडलं. पण ती नायगाव पूर्वेला राहायची, आणि तिथल्या नव्या टॉवरांमध्ये माणसाला काही माहीत नसण्याची सोय राहिलेली नाही. जिमच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी गरोदर बायकांचा वर्ग भरायचा. तो घ्यायची सलोनी नावाची फिजिओथेरपिस्ट. नवऱ्यांनाही बोलवायचे. नवरे भिंतीला टेकून बसत आणि आपण इथे चुकून आलो आहोत असा चेहरा ठेवत.

एका रविवारी सलोनीने एक माकडटोपी आणली आणि एक सोललेला नारळ. टोपीतून नारळ हळूहळू बाहेर काढत म्हणाली, "बघा, सावकाश आला तर लोकर ताणते. कधी नाही पुरली तर थोडी उसवते. बहुतेक वेळा थोडीच, आणि ती लवकर सांधते. आता हीच टोपी मी आधीच कात्रीने कापली, तर सगळ्या टोप्यांना कात्री लागली. जिला लागायची नव्हती तिलासुद्धा."

"मग कापूच नये का?" एकीने विचारलं.

"असं कुठे म्हटलं मी? बाळ गुदमरायला लागलं, लवकर बाहेर काढायचंय, चिमटा लावायचाय, तर कात्री लागते. तेव्हा लागलीच पाहिजे. फक्त रिवाज म्हणून नको. तुमच्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्या."

भिंतीकडून एका नवऱ्याने विचारलं, "टोपी नंतर पहिल्यासारखी होते ना?"

त्याच्या बायकोने मान वळवून त्याच्याकडे असं बघितलं की पुढच्या रविवारी तो आला नाही.

डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. सलोनीने हे अगदी सहज सांगितलं, कारण सलोनीला आशालताबाई माहीत नव्हत्या.

आशालताबाई म्हणजे संपदाच्या सासूबाई. प्रेमळ होत्या. सुनेला घेऊन दर खेपेला डॉक्टरांकडे जायच्या, आणि सुनेला त्रास नको म्हणून तिची उत्तरंही त्याच द्यायच्या.

"झोप लागते का?" डॉक्टर विचारत.

"लागते, डॉक्टर. दुपारी जरा जास्तच लागते."

"पायाला सूज?"

"नाही. मी मीठ कमी केलंय तिचं."

"जळजळ?"

"कालच झाली. तरी मी म्हटलं होतं, मिसळ खाऊ नको."

संपदा टेबलाच्या या बाजूला पोट सांभाळून बसलेली असे आणि आपल्या तब्येतीची माहिती ऐकत असे. एकदा डॉक्टरांनी कागदावरून नजर न उचलता "वय?" असं विचारलं, आणि आशालताबाईंनी सवयीने "छप्पन्न" सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहूनही घेतलं.

तेव्हा त्या खोलीत आपला प्रश्न सासूबाईंच्या आडून पलीकडे पोचवणं संपदाला काही जमेना. प्रश्न तिने मनात घोकून तयार ठेवला होता: डॉक्टर, गरज नसेल तर मला कापू नका, आणि गरज पडली तर कापण्याआधी मला विचारा. एवढंच. त्याला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण आशालताबाई श्वास घ्यायला थांबतील असं अर्धं मिनिट मिळायचं नाही.

"मी बोलतो," संकेत म्हणाला. "पुढच्या वेळी मी येतो आणि डॉक्टरांना सरळ विचारतो. त्यात काय एवढं?"

त्याने रजा टाकली. आईला घरीच थांबवलं, संपदाला बाहेर बसवलं आणि एकटा आत गेला. बाहेर आला तेव्हा चेहरा गंभीर होता.

"काय म्हणाल्या?"

"माझं वजन वाढलंय म्हणाल्या. रात्रीचा भात बंद करायला सांगितलाय."

"अरे, आपलं विचारलंस का?"

"विचारणारच होतो. पण त्यांच्या मागच्या भिंतीवर ते चित्र आहे ना, सगळं उघडं दाखवलेलं... मी चित्राकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि त्यांनी मला जन्माला घातलंय गं. त्यांच्याशी हा विषय कसा काढायचा?"

संपदाने त्याला माफ केलं. त्याची अडचण तशी खरी होती.

मग ती माहेरी गेली, मनवेलपाड्याला. तिची आई सावित्री चाळीच्या पहिल्या खोलीत मशीन टाकून ब्लाउज शिवते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि धंद्यातलं मत दिलं.

"मला विचारशील तर कापलेलं बरं. कात्रीची कड कशी सरळ असते, जुळवली की बसली. फाटलेल्याला रफू करत बसावं लागतं."

"मम्मी, मी कापड नाहीये."

"माझी गिऱ्हाइकंही असंच म्हणतात. मग ब्लाउज चढेनासा झाला की माझ्याकडेच येतात."

"पण फाटणारच नसेल तर?"

"मग आणखी चांगलं." सावित्रीने चष्मा कपाळावर चढवला. "पण तुझं माप मी घेतलेलं नाही, आणि तुझ्या डॉक्टरीणबाईंनीही घेतलेलं नाही. बाळ किती मोठं, कसं वळतंय, कुणाला माहीत? आधीच कात्री कुणी उचलू नये हे मला पटतं. तू बोल ना सरळ."

सगळे तिला बोल म्हणत होते. बोलायला जागा कुणी देत नव्हतं.

सासऱ्यांचा या विषयाशी संबंध येईल असं संपदाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. सदानंदरावांनी सगळी नोकरी टेलिफोनच्या केबली जमिनीखाली टाकण्यात घालवली होती, आणि निवृत्तीनंतर ते गॅलरीत बसून मिठागरांकडे बघत असत. त्या सकाळी संपदा कपडे वाळत घालायला आली तेव्हा ते मिठागरांनाच उद्देशून बोलल्यासारखं म्हणाले,

"रस्ता विनाकारण खोदू नये."

संपदा चिमटा हातात धरून उभी राहिली.

"खोदलेला रस्ता कितीही नीट बुजवा, काही दिवस तरी कळतोच. आमच्यात एक साहेब होते. काम असो नसो, आले की आधी खोदून ठेवायचे. म्हणायचे, पुढे लागलं तर हाताशी असावं. हां, पण खाली पाइप फुटली असेल तर मात्र चर्चा करत बसू नये. लगेच खोदावं. फक्त ज्याच्या दारात खोदतोय त्याला सांगावं. माणूस बाहेर पडताना खड्ड्यात पडायला नको."

"हो, बाबा," संपदा म्हणाली.

सदानंदराव पेपर उघडून बसले आणि आपला चेहरा दिसणार नाही एवढा वर धरला. त्या घरात त्या विषयावर झालेलं हे सगळ्यात शहाणं बोलणं होतं, आणि त्यात विषयाचं नाव कुठेही आलं नव्हतं. सासऱ्यांना ते कळलं कसं, हा प्रश्न संपदाला दुपारपर्यंत पुरला. मग तिच्या लक्षात आलं की नव्या टॉवरांच्या भिंती फारच पातळ असतात.

शेवटी गोष्ट फुटली ती खोबरेल तेलामुळे.

सलोनीने सांगितलं होतं, शेवटचे काही आठवडे तेलाचा हात घेऊन तिथे रोज हलकं मालिश करा, त्वचा ताणायची सवय होते. सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही, पण नुकसानही काही नाही. संपदा रोज बाथरूमची कडी लावून बसायची. पोट मध्ये येत असल्यामुळे ते काम अंदाजाने चाले. तेलाची बाटली मात्र अंदाजाने नव्हे, डोळ्यांदेखत रिकामी होत होती. घरात तेल लावणारं दुसरं कुणी नव्हतं. सदानंदरावांच्या डोक्याला त्याची गरज उरली नव्हती, आणि संकेत केसांना काहीतरी गोठवणारं लावायचा.

आशालताबाई आणि संपदा जेवणघरात वाल सोलत बसल्या होत्या. बाहेर सदानंदराव टीव्हीवर बातम्या बघत होते.

"तेल कुठे जातं गं?" आशालताबाईंनी विचारलं.

"मालिश करते, आई."

"डोकं तर कोरडंच दिसतंय तुझं."

"डोक्याला नाही. खाली."

"तळपायांना?"

"त्याच्या वर."

"गुडघ्यांना? दुखतात का?"

"त्याच्याही वर, आई."

आशालताबाईंच्या बोटांतला वाल तसाच राहिला. त्यांनी बाहेर मान वळवून नवऱ्याला ऐकू जात नाही ना ते पाहिलं. सदानंदरावांनी त्याच क्षणी टीव्हीचा आवाज वाढवला, म्हणजे त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. संपदाने सगळं सांगितलं. कात्री, नारळ, टोपी, सगळं. आशालताबाईंनी मधे एकदाही तोंड घातलं नाही, आणि हेच संपदाला काळजीचं वाटलं.

ऐकून झाल्यावर त्या वाल सोलायला लागल्या. दोन-चार सोलून झाल्यावर म्हणाल्या, "मला फाटलं होतं."

"कधी?"

"संकेतच्या वेळी. कधी म्हणजे काय, मला काय चार मुलं आहेत? शुद्धीवर आले तर टाके. बसता येईना की उठता येईना. मी विचारलं हे काय झालं, तर सासूबाई म्हणाल्या, फाटलं तुझं. धीर धरणाऱ्या बाईचं फाटत नाही. तू आरडाओरडा केलास, भलत्या वेळी जोर लावलास, म्हणून फाटलं." त्यांनी टरफलं एका बाजूला सारली. "मग कुणाचं बारसं असो, कुणाचं डोहाळजेवण असो, चार बायका जमल्या की त्यांचं ठरलेलं. आमच्या आशाला धीर नाही हो."

संपदा या घरात आल्यापासून ऐकत होती की आशालताबाई कशालाही हूं का चूं करत नाहीत. दाढ काढताना केलं नाही. उकळतं तेल हातावर उडालं तेव्हाही, आधी गॅस बंद केला, मग कढई झाकली आणि मग हात नळाखाली धरला. सगळे त्यांचं कौतुक करायचे. ते सगळं कुठून आलं होतं ते आत्ता कळलं.

"तेव्हा तुझं तसं व्हायला नको," आशालताबाई म्हणाल्या. "ती सलोनी काय म्हणायची ते म्हणू दे. मीच सांगते फेलिशियाबाईंना, हिला आधीच कापा म्हणून. कापलं तर ते डॉक्टरांनी केलं. फाटलं तर ते बाईने केलं. कापलेल्या बाईला कुणी नावं ठेवत नाही."

"पण आई, मला नावांचं काही नाही..."

"तुला नसेल. माझ्या सुनेला कुणी बोललेलं मला चालायचं नाही."

विरोधक दुष्ट असता तर संपदा भांडली असती. हा विरोधक तिच्यासाठी बिरडं करत होता.

पुढच्या तपासणीला दोघी निघाल्या तेव्हा दोघींच्या मनात एकेक वाक्य तयार होतं, आणि ती वाक्यं एकमेकांच्या उलट होती. रिक्षात दोघीही आपापलं वाक्य घोकत गप्प बसल्या होत्या. रिक्षावाल्याला वाटलं भांडण झालंय, म्हणून तोही गप्प.

डॉक्टर फेलिशियांनी पोट तपासलं, ठोके ऐकले, हात धुतले. "डोकं खाली आलंय. सगळं छान."

संपदाने तोंड उघडलं, पण आशालताबाई आधी पोचल्या.

"डॉक्टर, एक विनंती आहे. हिला कट द्याच. विसरू नका. माझ्यासारखं हिचं फाटायला नको."

डॉक्टरांनी टॉवेल खाली ठेवला. "तुझ्यासारखं म्हणजे?"

"संकेतच्या वेळी माझं फाटलं होतं ना."

"तुझं फाटलं?" डॉक्टरांच्या ते मनाला लागल्यासारखं दिसलं. "आशा, काय बोलतेस? माझ्या हाताखाली पहिलटकरणीचं फाटत नाही. मी फाटायची वाटच बघत नाही. तुला मी कापलं होतं."

खोलीत सिस्टर स्टेफी कापसाचे बोळे करत होती. तिचं काम चालू राहिलं. बाकी सगळं थांबलं.

"कापलं होतं?" आशालताबाई म्हणाल्या.

"अर्थात. तेव्हा सगळ्यांनाच कापायचे. आम्हाला शिकवलंच तसं."

"मला सांगितलं नाहीत."

"त्यात सांगायचं काय?" डॉक्टरांनी खरोखरच कुतूहलाने विचारलं. "ठोके मोजते ते सांगते का? सुई कितव्या नंबरची ते सांगते का?"

"माझ्या सासूला सांगितलं होतंत?"

"टाके घातलेत, काळजी घ्या म्हटलं असेन. कशाचे टाके ते त्यांनी विचारलं नाही."

आशालताबाईंनी पर्स मांडीवरून उचलली आणि परत मांडीवर ठेवली. संपदाला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. ती सवय त्यांनी मोडून टाकलेली होती. त्यांनी फक्त विचारलं, "मला कापायची गरज होती का?"

डॉक्टर फेलिशिया खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न त्यांच्या चेहऱ्यावर बराच वेळ दिसला.

"नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "मी थांबून बघितलंच नव्हतं."

"मग आता बघा," आशालताबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण स्टेफीचे बोळे थांबले. "हिला काय हवंय ते ही सांगेल. बोल गं."

आणि अशी अचानक संपदाला बोलायला जागा मिळाली. इतके दिवस घोकलेलं वाक्य ऐन वेळी उलटसुलट झालं. "मला... म्हणजे गरज पडली तर कापा, डॉक्टर. नाहीतर नको. आणि कापायच्या आधी मला विचारा."

"बाळाला त्रास व्हायला लागला तर मी थांबायची नाही. आधीच सांगते."

"थांबू नका. फक्त विचारा. मी हो म्हणेन."

"कळा चालू असताना बायका मला शिव्या देतात," डॉक्टर म्हणाल्या. "हो आजवर कुणी म्हटलेलं नाही."

"तुम्ही आजवर कुणाला विचारलंय का?" आशालताबाई म्हणाल्या.

घरी परतल्यावर आशालताबाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. चहा केला, कुकर लावला. मग स्टुलावर चढून दिवाणखान्यातला सासूबाईंचा हार घातलेला फोटो पुसायला खाली उतरवला. बराच वेळ पुसला. पुसून झाल्यावर खिळा सैल झाल्याचं जाहीर केलं आणि फोटो कपाटावर, सुटकेसच्या मागे ठेवला. सदानंदरावांनी उठून खिळा हलवून पाहिला. खिळा पक्का होता. ते परत जाऊन बसले आणि म्हणाले, "सैलच आहे."

संपदाला कळा सुरू झाल्या त्या एका गुरुवारी सकाळी, आणि दुपार कलायला लागली तेव्हा ती प्रसूतिगृहाच्या आतल्या खोलीत होती. संकेत तिचा हात धरायला आत आला होता, पण हत्यारांचा ट्रे बघून त्याचाच हात धरायची वेळ आली, तेव्हा स्टेफीने त्याला बाहेरच्या बाकावर आडवं केलं. बाकाच्या एका टोकाला सावित्री होती, दुसऱ्या टोकाला आशालताबाई.

संपदा ओरडत होती. मोठमोठ्याने, मनापासून, काहीही राखून न ठेवता.

"ओरडू नको गं, बाय माझी," सावित्री दारातून म्हणाली. "धीर धर."

"तिला ओरडू दे," आशालताबाईंचा आवाज आला. मग दाराच्या अगदी जवळून, इतक्या मोठ्याने की अंगणातल्या चिकूवरचे कावळे उडाले, "ओरड, संपदा! जोरात ओरड!"

आत डॉक्टर फेलिशिया थांबल्या होत्या. थांबणं त्यांना जड जात होतं, कारण त्याचा त्यांना सराव नव्हता. बाळाचं डोकं दिसायला लागलं की त्यांचा उजवा हात आपोआप ट्रेकडे जायचा आणि स्टेफी आपोआप कात्री पुढे करायची. आज हात गेला, कात्री आली, आणि डॉक्टरांनी ती परत ठेवायला सांगितली. आता हाताचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी तो कमरेवर ठेवून पाहिला. मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं मागवलं आणि ते धरून बसल्या.

"आता जोर लावू नकोस. फुंकर मार. दिवा विझवायचाय असं समज. हळू. हळू गं."

संपदा दिवे विझवत राहिली. डोकं थोडं पुढे यायचं आणि परत मागे जायचं. डॉक्टर वाकून बघत होत्या. इतक्या वर्षांत पहिलटकरणीचा हा भाग त्यांनी कधी शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता, आणि त्यांना त्यात रस वाटायला लागला होता. "येतंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बघ स्टेफी, येतंय की."

मग ठोके ऐकत असलेली स्टेफी म्हणाली, "डॉक्टर."

डॉक्टरांनी स्वतः ऐकलं. कळ येऊन गेली तरी ठोके वर येत नव्हते. आणखी एक कळ गेली. ठोके आणखी उतरले. त्यांनी फडकं बाजूला टाकलं, सुन्न करायची सुई दिली, हात पुढे केला आणि स्टेफीने कात्री दिली. आजवर या सगळ्यात मधे कुठे खंड पडला नव्हता.

डॉक्टर कात्री हातात घेऊन थांबल्या.

"संपदा. ठोके उतरतायत. बाळाला आता बाहेर काढायला हवं. कापू का?"

संपदाला त्या क्षणी नारळ आठवला नाही, टोपी आठवली नाही. अंग घामाने चिकट झालं होतं आणि डोळ्यांपुढे छताचा पंखा फिरत होता. पण प्रश्न मात्र तिला स्पष्ट ऐकू आला.

"खरंच लागतंय?"

"खरंच लागतंय."

"कापा."

हे सगळं व्हायला डॉक्टरांना पंख्याचं बटण दाबायला लागला असता तेवढा वेळ लागला. पुढच्या कळेला बाळ बाहेर आलं. मुलगी. आधी गप्प होती, स्टेफीने पाठ चोळली तसं तिने दाराबाहेरच्या दोन्ही आज्या उठून उभ्या राहतील असा आवाज काढला.

बाळ पुसून झालं, वार पडली, डॉक्टर टाके घालायला बसल्या. आणि तेव्हा संपदाच्या लक्षात आलं की काहीतरी सुरू झालंय ते आता थांबत नाहीये.

"धागा आपोआप विरघळणारा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "चालेल ना?"

"चालेल."

"दुखतंय का? आणखी थोडं औषध देऊ?"

"द्या."

"दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो का? वळवू?"

"वळवा."

"पंख्याचं काय करू?"

स्टेफीने चमकून डॉक्टरांकडे बघितलं. संपदाने डोळे मिटून घेतले. इतक्या दिवसांत जेवढे प्रश्न तिला कुणी विचारले नव्हते तेवढे एका बैठकीत विचारून झाले होते. बाहेर दोघींचं काहीतरी बोलणं चाललं होतं. बोलणं गोड होतं, पण दोघीही दाराला चिकटून बोलत होत्या, आणि दोघींच्याही हातात दुपटी होती.

शेवटचा टाका घालून डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि मुलीला उचललं.

"आता हिला बाहेर दाखवायला पाठवते. आधी कुणाकडे देऊ? तुझ्या आईकडे की सासूकडे?"

संपदाने डोळे उघडले. एकदा दाराकडे बघितलं, एकदा डॉक्टरांकडे.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हे मात्र तुम्हीच ठरवा."

डॉक्टर फेलिशियांनीही दाराकडे बघितलं. मग काही न विचारता मुलगी संपदाच्या छातीवर ठेवली, वरून चादर ओढली आणि स्टेफीला कडी लावायला सांगितली.